महिला मंडळाच्या पोटनियमात ‘स्त्री’ शब्दाची व्याख्या कशी लिहावी?

मलप्रभाकाठ · ३ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाची विशेष सभा आहे. तिथं नुसतं भांडण होऊ नये, म्हणून आधीच इथं विचारते.

बेळगाव जिल्ह्यातलं एक नोंदणीकृत महिला मंडळ. (तालुक्याचं नाव खालच्या सूचनेवरून काढलं आहे.) नोकरदार बायकांसाठी बारा खाटांचं वसतिगृह आहे: तीन खोल्या, प्रत्येकीत चार खाटा, मागच्या अंगणात चार संडास आणि दोन न्हाण्या. त्याशिवाय काही बचत गट आहेत. सदस्यत्वाचं कलम एका ओळीचं आहे: “१८ वर्षे पूर्ण झालेली कोणतीही स्त्री.” आता एका पारलिंगी (ट्रान्सजेंडर) महिलेनं सदस्यत्वाचा आणि खाटेचा असे दोन अर्ज दिले आहेत. नाकारायचे तर कशाच्या आधारावर, घ्यायचे तर कुठला कागद बघून, हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

कमिटीत तीन मतं आहेत. पहिलं, आधारवर जे असेल ते बघा आणि विषय मिटवा. दुसरं, इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टानं एप्रिलमध्ये बाई म्हणजे जन्मानं बाई असं सांगितलंय, मग आपण कशाला धोका पत्करायचा? तिसरं मत जास्त बोलून दाखवलं जातं: त्यांना सरकारनं वेगळं आरक्षण दिलंय, तरी आमच्या वाट्यात का? वसतिगृहातल्या दोघी-तिघींनी, कुणालाही कमी न लेखता, अंघोळीच्या वेळेबद्दल काळजी सांगितली आहे. तीही मला खरीच वाटते.

कायदा काय म्हणतो आणि प्रत्यक्ष सोय कशी करावी, दोन्ही हवं आहे. उपदेश नको.

---

कोर्टकचेरी_बेळगाव · ३ नोव्हेंबर

ताई, आधी एक विनंती. तालुक्याचं नाव आणि त्या महिला तुमच्या कुठल्या वर्गाला येतात हे पोस्टमधून काढून टाका. एवढ्यावरून गावात माणूस लगेच ओळखू येतो. अर्जाच्या फाइलीचंही तसंच करा: एका पाकिटात, सचिवांच्या कुलपात. सभेत नाव घ्यायचं नाही. सभा कलमावर असते, माणसावर नसते.

आता इंग्लंडचा निकाल. १६ एप्रिल २०२५ चा तो निकाल तिथल्या २०१० च्या समता कायद्यातल्या ‘स्त्री’ या एका शब्दाचा अर्थ लावतो. पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की त्या कायद्यात स्त्री म्हणजे जैविक स्त्री. लिंगबदलाच्या कारणावरून भेदभाव करायचा नाही, हे संरक्षण मात्र त्याच कायद्यात कायम आहे, असंही तिथंच लिहिलंय. आपल्याकडं तो कायदाच नाही, त्यामुळं तो निकाल इथं लावता येत नाही.

इथला पाया दुसरा आहे. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की स्वतःला पुरुष, स्त्री की तृतीयपंथी मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे. घटनेच्या १५ आणि १६ व्या अनुच्छेदातल्या ‘लिंग’ या शब्दात लिंगओळखही येते, हे त्याच निकालात. त्यानंतर २०१९ चा पारलिंगी व्यक्ती (हक्क संरक्षण) कायदा आला, १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यातली ‘आस्थापना’ची व्याख्या रुंद आहे: सोसायटी, ट्रस्ट, सहकारी संस्था, नुसता व्यक्तींचा समूह, सगळे त्यात येतात. तुमचं मंडळही येतं. कलम ३ मध्ये ज्या गोष्टींत भेदभाव करायचा नाही त्यांत राहायची किंवा भाड्याची जागाही आहे. तेव्हा “पारलिंगी आहे म्हणून खाट नाही” असं नुसतं लिहून दिलंत तर ते पत्र तुमच्याच विरुद्ध पुरावा होईल.

कागदाचा घोळ खरा इथं होतो, म्हणून सावकाश लिहितो. याच कायद्यात दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत. कलम ६ चं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी, म्हणजे आपले डीसी, देतात. त्यावर ‘ट्रान्सजेंडर’ एवढंच येतं, ‘स्त्री’ येत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे ते प्रतिज्ञापत्रावर मिळतं, वैद्यकीय तपासणी नाही. कलम ७ चं प्रमाणपत्र शस्त्रक्रियेनंतर, रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या दाखल्यावर मिळतं, आणि त्यावर स्त्री किंवा पुरुष असं येतं. आता तुमचं कलम म्हणतं ‘स्त्री’. कमिटीनं “स्त्री असा शेरा असलेलाच कागद आणा” म्हटलं, तर मागल्या दारानं शस्त्रक्रियेचाच पुरावा मागितल्यासारखं होतं. नालसानं नाकारलेली अट तुमच्या टेबलावर परत उभी राहते. म्हणून पोटनियमात कलम ६ चं प्रमाणपत्र पुरेसं धरा.

त्यांच्याकडं तेही नसेल तर वाट अशी. पारलिंगींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, सोबत नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. अर्जाच्या तारखेला त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहिलेलं असावं लागतं. सीमेवर इथंच गाडी अडते: चंदगड-गडहिंग्लजहून सहा महिन्यांपूर्वी बेळगावला आलेल्या माणसानं इथं अर्ज केला तर तो मागं येतो. त्यानं इथले बारा महिने भरू द्यावेत. प्रमाणपत्र एकदा मिळालं की राज्य बदललं म्हणून बाद होत नाही. मुदत ३० दिवसांची, नाकारलं तर ९० दिवसांत अपील.

दुसरी अडचण नावाच्या स्पेलिंगची. आपल्याकडं कानडी शाळेच्या दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’ची सुरुवात ‘जे-एन’नं होते आणि महाराष्ट्रात काढलेल्या आधारवर ‘डी-एन’नं. कुठं वडिलांचं नाव पूर्ण, कुठं नुसतं आद्याक्षर. पोर्टलला आणि केस वर्करला (कचेरीत फाइल बघणाऱ्याला) ही दोन माणसं वाटतात. प्रतिज्ञापत्रातच लिहायचं: “खालील दोन्ही स्पेलिंगची नावं माझीच आहेत.” हे एक वाक्य राहिलं की महिना जातो.

आधार सगळ्यात शेवटी बदलायचं. आधारवर लिंगाची नोंद आयुष्यात एकदाच बदलता येते. आधी प्रमाणपत्र, मग नाव बदललं असेल तर राजपत्र, मग आधार, मग पॅन आणि बँक. घाईनं उलटं केलं तर ती एकमेव संधी चुकीच्या नोंदीवर खर्च होते. “आधार बघा आणि मिटवा” हे मत म्हणूनच उपयोगाचं नाही. बऱ्याच जणांचं आधार अजून जुन्याच नोंदीवर असतं.

---

पाणवठा_निपाणी · ४ नोव्हेंबर

कायद्याचं वर आलंय, त्यावर वाद नाही. मी वसतिगृहाच्या बाजूनं बोलते, कारण अशा चर्चेत बायकांची काळजी ‘अडाणीपणा’ म्हणून झटकली जाते, आणि मग ती काळजी कुजबुजीतून बाहेर येते. बाईला कपडे बदलताना आडोसा हवा असतो. त्या मागणीत कुणाचा द्वेष नाही. शाळेत संडास नाही म्हणून मुली घरी बसायच्या, तो आडोसा मिळवायला बायकांना भांडावं लागलं आहे. घटनेच्या १५ (३) मध्ये स्त्रियांसाठी खास सोय करायची मुभा आहे ती उगाच नाही.

पण तुमच्या इमारतीची खरी अडचण काय आहे ते बघा. चार संडास अंगणात एका ओळीत. अशा ओळीत बहुतेक ठिकाणी दार खालून वीतभर तोकडं असतं, वर भिंत छतापर्यंत नसते, कडी सैल असते आणि दिवा एकच, तोही ओळीच्या टोकाला. तिथं कुणालाच निर्धास्त वाटत नाही, मग शेजारी कोणीही असो. तेव्हा खर्च तिथं करा:

दार जमिनीपासून दोन बोटं वर, त्याहून जास्त नाही. वर जाळी हवी तर हवेपुरती, डोक्याच्या उंचीच्या बरीच वर. आतून आडवी लोखंडी कडी, चार स्क्रूंची. दोन स्क्रूंची पावसाळ्यात लाकूड फुगलं की निघून येते. प्रत्येकात वेगळा दिवा, वेगळा नळ, कपडे टांगायला खुंटी, झाकणाचा डबा. न्हाणीत कपडे बदलण्याएवढी कोरडी जागा हवी. ती नसली की बायका ओल्या अंगानं परकर छातीवर धरून खोलीत येतात आणि खरा संकोच तिथं होतो. न्हाणीच्या आत दोन फुटांचा कट्टा बांधला आणि मध्ये पडदा टाकला की हे थांबतं.

चारांतला शेवटचा संडास आणि एक न्हाणी स्वतंत्र करा, दार अंगणात थेट उघडणारं. त्यावर कुठलीही पाटी लावू नका. ‘तृतीयपंथी’ अशी पाटी लावली की ते दार म्हणजे बोट दाखवणं होतं. आजारी बाई, बाळंतपणानंतर माहेरहून परत आलेली, पाय मोडलेली, ज्यांना एकान्त हवा त्या सगळ्यांसाठी ते असू द्या.

खोलीचं: चार खाटांना चार पडदे, छताला वायर ताणून. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकीला, सगळ्यांना, एकच फॉर्म: “तुम्हाला भिंतीकडची खाट हवी, दाराकडची, की एकटीची खोली मिळाल्यास?” एकटीची खोली नसेल तर तीनपैकी एका खोलीत प्लायवूडचं दुभाजन करून दोन-दोन खाटा करता येतात. अमुक व्यक्ती शेजारी आहे, चालेल का, असं विचारायचं नाही. तसं विचारणं म्हणजे तिचं गुपित सांगणं. पण जिला संकोच वाटतो तिला खाट बदलून मागायची मुभा ठेवायची, कारण न विचारता.

एका गोष्टीवर मात्र माझं मत ठाम आहे: वर्तनाचा नियम कडक हवा आणि सगळ्यांना सारखा हवा. दुसरीच्या आडोशात डोकावणं, मोबाइलनं टिपणं, झोपेत अंगाला हात लावणं, दारू पिऊन येणं: पहिल्याच वेळी खाट रद्द. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७७, म्हणजे बाईला खासगी क्षणी चोरून बघणं किंवा टिपणं, यात आरोपी ‘जो कोणी’ आहे. जुन्या कलमात फक्त पुरुष होता. तेव्हा गुन्हा करणारी व्यक्ती स्वतःला काय म्हणवते याचा इथं फायदा मिळत नाही. हे वाक्य सभेत वाचून दाखवा. बायकांची निम्मी काळजी “काही झालं तर तक्रार कुठं?” हीच असते.

---

सरळसेवा · ४ नोव्हेंबर

तिसऱ्या मताबद्दल थोडक्यात. कर्नाटकानं जुलै २०२१ मध्ये नागरी सेवा भरतीच्या नियमात पारलिंगी उमेदवारांना १ टक्का दिला. असं करणारं हे पहिलं राज्य. तो आडवा आहे: जनरल मेरिट (खुला), एससी, एसटी आणि मागास प्रवर्ग, प्रत्येकाच्या आत १ टक्का. म्हणजे इथला मराठा समाजाचा पारलिंगी उमेदवार ३-बी या मागास प्रवर्गातच मोजला जातो. महिलांचा आडवा कोटा वेगळा आहे, त्यातून ही जागा जात नाही. आणि पारलिंगी उमेदवार मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुष किंवा स्त्रीला जाते, रिकामी राहत नाही.

निवडणुकीत मात्र महिलांच्याच जागेचा प्रश्न येतो, ते लपवण्यात अर्थ नाही. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायतीत एका पारलिंगी महिलेचा अर्ज महिला जागेवर आला, निवडणूक अधिकाऱ्यानं फेटाळला. मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं २ जानेवारी २०२१ ला तो मान्य करायला लावला आणि त्या निवडूनही आल्या. कोर्टानं एक गोष्ट नोंदवली: ज्या ओळखीवर लाभ घेतला ती नंतर सोयीप्रमाणे फिरवायची नाही. मुंबईचा निकाल कर्नाटकावर बंधनकारक नसतो, पण धारवाड खंडपीठासमोर दाखला म्हणून ठेवता येतो. आपल्याकडं पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या असल्यानं कधीतरी हा प्रश्न इथंही येणारच.

शक्ती योजनेच्या बसमध्ये ११ जून २०२३ पासून बायकांबरोबर पारलिंगींनाही शून्य तिकीट आहे. तिथं एकीला मिळालं म्हणून दुसरीचं कमी होत नाही. मंडळाच्या सदस्यत्वाचंही तसंच. खाट मात्र मोजकी असते, म्हणून सदस्यत्व आणि खाट हे दोन अर्ज, दोन कलमं, दोन निर्णय ठेवा. आत्ता ते एकत्र बांधल्यामुळं सभेत गोंधळ होणार.

खेळाचा विषय कुणी काढला तर बाजूला ठेवा. जागतिक अॅथलेटिक्सनं मार्च २०२३ मध्ये पुरुष-पौगंडातून गेलेल्या पारलिंगी महिलांना महिला गटातून वगळलं, तो शरीराच्या ताकदीचा प्रश्न आहे. शिवाय तिथल्या लिंग-तपासणीचा फटका धावपटू शांती सौंदरराजनला बसला, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतलं ८०० मीटरचं रौप्य गेलं, आणि ती जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढलेली. खाट द्यायला धावायची परीक्षा लागत नाही.

---

मलप्रभाकाठ · ४ नोव्हेंबर

मजकूर बदलला, चूक दाखवल्याबद्दल आभार. पाणवठा ताई, दारं आणि न्हाणीचे कट्टे याच आठवड्यात गवंड्याला दाखवते. दोन गोष्टी राहिल्या. बचत गटाचं काय? आणि एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की यल्लम्माच्या डोंगरावरचे जोगप्पा (देवीला वाहिलेली पारलिंगी माणसं) वेगळे आणि हे वेगळं, दोन्ही एका कलमात घालू नका.

---

चौंडकं · ५ नोव्हेंबर

त्या बाई अर्ध्या बरोबर आहेत.

सौंदत्तीच्या डोंगरावरची माणसं कायद्यानं पाहिलेली आहेत. २०१९ च्या कायद्यात कलम २ (के) मध्ये किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्या पाठोपाठ ‘जोगता’ हा शब्द आहे. दिल्लीच्या कायद्यात आपल्या यल्लम्माच्या परडीतला शब्द गेलाय. मंजम्मा जोगती बल्लारी भागातल्या, त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा ‘हे परदेशातून आलेलं खूळ’ असं सभेत कुणी म्हणालं तर माघी पौर्णिमेला डोंगर चढून या म्हणावं. डोक्यावर देवीचा जग (मूर्तीची टोपली), कपाळभर भंडारा, हातात चौंडकं, आणि पाया पडायला रांगेत सुवासिनीच.

पण जोगप्पांपैकी बरेच जण स्वतःला हिजडा म्हणवत नाहीत. त्यांच्यात शरीरावर शस्त्रक्रिया करायची रीत नाही, नातं देवीशी आहे. काही साडी कायम नेसतात, काही फक्त जोगव्याला. सगळेच स्वतःला ‘महिला’ म्हणून तुमच्या मंडळात येऊ मागतील असं नाही. म्हणून कलमात परंपरेची नावं घालू नका. “जोगती, मंगळमुखी इत्यादी” लिहिलंत की जी मागत नाही तिला ओढता आणि जी मागते तिला नाव सापडत नाही. स्वतःला स्त्री म्हणून सांगणारी पारलिंगी व्यक्ती, एवढं पुरे.

आणखी एक. जोगप्पा म्हटलं की देवदासी आठवते. कर्नाटकाचा १९८२ चा देवदासी प्रतिबंध कायदा मुलींना देवाला वाहण्याविरुद्ध आहे. निपाणी-गडहिंग्लजच्या बायकांनी त्यासाठी रस्त्यावर येऊन काम केलंय. ती लढाई आणि पारलिंगींचं राहण्याचं हक्काचं ठिकाण यांत विरोध नाही, पण ‘देवीची माणसं’ म्हणून मान देऊन खाट नाकारायची, ही जुनी पद्धत देवदासी आणि पारलिंगी दोघींनाही माहीत आहे. पाया पडायला चालतात आणि खोली द्यायला चालत नाहीत, एवढं बंद झालं तरी पुष्कळ.

---

कोर्टकचेरी_बेळगाव · ५ नोव्हेंबर

बचत गट: राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातले, आपल्याकडं ‘संजीविनी’खालचे गट दहा ते वीस जणींचे आणि फक्त बायकांचे असतात. पारलिंगी, ज्येष्ठ, अपंग यांच्या खास गटांत मात्र स्त्री-पुरुष मिश्र सदस्य चालतात, अशी त्या अभियानाच्या सूचनांत सोय आहे. तुमचा गट अभियानाला जोडलेला असेल तर तालुका कार्यालयाकडून आधी लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘होय की’ वर जाऊ नका, अधिकारी बदलला की कर्जाच्या वेळी अडतं. मंडळाचे स्वतःचे, अभियानाबाहेरचे गट असतील तर निर्णय तुमचाच.

कलमाचा मसुदा देतो, चिरफाड करा:

“सदस्यत्व: १८ वर्षे पूर्ण झालेली कोणतीही स्त्री. यात स्वतःची ओळख स्त्री म्हणून सांगणारी पारलिंगी व्यक्ती समाविष्ट आहे. ओळखीसाठी २०१९ च्या कायद्याच्या कलम ६ किंवा ७ चे प्रमाणपत्र, अथवा ते मिळेपर्यंत अर्जाची पोच व प्रतिज्ञापत्र, पुरेसे मानले जाईल. कोणत्याही सदस्याची शारीरिक तपासणी अथवा वैद्यकीय कागद मागितला जाणार नाही. ही माहिती सचिवांव्यतिरिक्त कुणाकडे राहणार नाही.”

वसतिगृहाचे नियम यात घालू नका. ते वेगळ्या नियमावलीत, पाणवठा ताईंनी लिहिल्याप्रमाणे. पोटनियम बदलायला विशेष सभा लागते, आणि उद्या पडद्याची वायर बदलायची तर परत सभा बोलवावी लागेल.

कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. एक नाव ठरावातच घाला. नियमांनुसार त्यांनी पंधरा दिवसांत चौकशी करायची आणि प्रमुखांनी पुढच्या पंधरा दिवसांत कारवाई. वसतिगृहातल्या इतर बायकांची तक्रारही त्यांच्याकडंच येऊ द्या, म्हणजे दोन दारं होणार नाहीत. एक कच्चा दुवा मात्र ध्यानात ठेवा: पारलिंगी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तर २०१९ च्या कायद्यात शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं एवढीच आहे, तर बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. म्हणून पोलिसांत जाताना फक्त २०१९ च्या कायद्यावर थांबू नका, न्याय संहितेतली मारहाण, कोंडून ठेवणं, धमकी ही कलमंही फिर्यादीत घालायला सांगा.

---

पाणवठा_निपाणी · ५ नोव्हेंबर

मसुद्यात एकच दुरुस्ती सुचवते. “अर्जाची पोच व प्रतिज्ञापत्र” याला सहा महिन्यांची मुदत घाला, आणि डीसी ऑफिसकडून उशीर झाला असेल तर कमिटीनं ती वाढवायची. मुदतच नसेल तर विरोध करणाऱ्यांना “कुणीही कागद लिहून येईल” म्हणायला जागा राहते. ती जागा ठेवू नये असं मला वाटतं, अर्जदाराच्याही भल्यासाठी.

---

कोर्टकचेरी_बेळगाव · ६ नोव्हेंबर

मान्य. घातली.

आणि ताई, निबंधकांकडं जाणारी प्रत कानडीत द्यावी लागेल. भाषांतर करणारा बहुतेक ‘लिंगत्व अल्पसंख्यातरु’ असं लिहील, कारण सरकारी कागदात तोच शब्द चालतो. त्या शब्दात पारलिंगी पुरुषही येतात, म्हणजे मराठी प्रत एक सांगणार आणि नोंदलेली कानडी प्रत दुसरंच. तिथं ‘ट्रान्सजेंडर महिळे’ असं लिहून घ्या, आणि सही करण्याआधी दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून वाचा.